उसाचा दर आणि उतारा

निपाणी भागात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की चर्चा एकच: दर किती? केंद्र सरकार दरवर्षी एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर ठरवते. २०२५-२६ साठी तो टनाला ३,५५० रुपये, पण १०.२५ टक्के उताऱ्याला. शंभर किलो उसातून जितके किलो साखर निघते, तो उतारा. तो ०.१ टक्क्याने वाढला की या हंगामाच्या दरात टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढतात.

थंड, कोरड्या हवेत उसाची वाढ मंदावते आणि साखर कांड्यांत साठते, म्हणजे उतारा वाढतो. तोडल्यावर मात्र उलटे चक्र. इन्व्हर्टेज नावाचे विकर सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते. त्यांचे दाणे कारखान्यात पडत नाहीत. उसाचे वजनही घटते. शिवाय तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतूनच वजा होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूरला आंदोलक ऊस शेतकऱ्यांनी हा खर्च सोडून टनाला ३,५०० रुपये मागितले, ते उगाच नव्हे.

त्यात उतारा धरतात तो अख्ख्या कारखान्याचा सरासरी, तुमच्या फडाचा नाही. ताजा ऊस घालणाऱ्याला वेगळे काहीच मिळत नाही. या पद्धतीतले हे मोठे वैगुण्य. बिल मात्र चौदा दिवसांत मिळायला हवे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार त्यापुढच्या थकबाकीवर वर्षाला १५ टक्के व्याज लागते. वजनाची पावती जपा आणि व्याज मागा.