गाडीत सबवूफर लावताय? आधी ॲम्प्लिफायर समजून घ्या
लग्नसराई आली की पातूरची पोरं अकोल्याला जाऊन गाडीत सबवूफर बसवून घेतात. डब्यावरचा ‘२००० वॅट’ आकडा पाहून ॲम्प्लिफायर घेऊ नका, तो क्षणभराचा असतो. सतत मिळते ती ताकद म्हणजे आरएमएस वॅट.

सबवूफरचा आरएमएस ३०० असेल तर ॲम्प्लिफायरही साधारण तेवढाच हवा. ४ ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले की भार २ ओहम होतो. तो ॲम्प्लिफायरला झेपतो का, हे दुकानदाराला विचारा.

१२ व्होल्टवर ३०० वॅट म्हणजे किमान २५ अँपिअर करंट. बारीक वायर तापून गाडी पेटू शकते. म्हणून तांब्याची जाड वायर अन् बॅटरीजवळ फ्यूज लावाच.

आणि रात्री १० ते सकाळी ६ रस्त्यावर आवाज नको. कायदा आहेच, शेजाऱ्याचा हक्क दीनमध्येही आहे.