समूहातून संकोचमुक्ती

उत्तर ठाऊक असूनही मौन धरणारी व क्षुल्लक कारणावरून हातघाईवर येणारी मुले आपण पाहतो. त्यांना नुसता उपदेश पुरत नाही. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये स्लाव्हसन यांनी अशा मुलांचे लहान गट करून त्यांस रंग, सुतारकामाची हत्यारे व खाऊ दिला. मार्गदर्शक बहुधा मूक साक्षी राही. हातोडी एक आणि हात अनेक असले, की मागणे, थांबणे, देणे ओघानेच येते. ही समूहोपचाराची एक रीत होय.

घरी कोकणी बोलणारे आम्ही जाणतो, की परभाषेतील पहिला शब्द किती जड असतो. मेहकरच्या परिसरात तर मराठी, कन्नड, उर्दू एकत्र नांदतात. म्हणून बुजऱ्या मुलास सभेपुढे उभे करण्यापूर्वी चार सवंगड्यांत बसवावे. चुकले तरी कोणी हसत नाही, हा विश्वास लाभला, की जीभ सुटते.