पेशी मोजणाऱ्या यंत्राची नाडीपरीक्षा



अंजनी नदीकांठचें एरंडोल हें खानदेशांतील जुनें गांव. पांडववाड्यामुळें आणि एके काळीं तेथें हातानें तयार होणाऱ्या कागदामुळें तें आपणांस ठाऊक असेल. अशा गांवांतील एखाद्या रुग्णाचें चमचाभर रक्त शहरांतील प्रयोगशाळेच्या वाटेला लागतें, तेव्हां पुष्कळदां त्याचा निवाडा फ्लो सायटोमीटर नांवाच्या यंत्रापुढें होतो. हें यंत्र अडलें, किंवा न अडतांच खोटें बोलूं लागलें, तर तें कसें ओळखावें, हा आजचा विषय आहे.

यंत्राचें तत्त्व सोपें आहे. रक्तांतील पेशी एका बारीक धारेंतून मुंग्यांच्या रांगेप्रमाणें एकामागून एक जातात व वाटेंत लेसरचा झोत त्यांच्यावर पडतो. समोर विखुरणाऱ्या प्रकाशावरून पेशीच्या आकारमानाचा, बाजूस विखुरणाऱ्या प्रकाशावरून तिच्या अंतर्रचनेचा, आणि आधीं लावलेल्या रंगद्रव्याच्या चमकेवरून तिच्या जातीचा बोध होतो. प्रकाशाचे विद्युत्-स्पंद होतात व संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक पेशीमागें एक ठिपका उमटतो. खारघर येथील टाटा केंद्रांत रक्ताच्या कर्करोगावर उपचार झाल्यानंतर उरलेल्या रोगपेशी याच पद्धतीनें हुडकल्या जातात.

आतां समजा, नळी लावली, पण पडद्यावर एकही ठिपका उमटत नाहीं. अशा वेळीं हातास येईल तें बटण फिरविणें घातक होय. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि शोधाचा क्रम यंत्राच्या क्रमानेंच ठेवावा: प्रथम पाणी, मग प्रकाश, मग विद्युत्, शेवटीं संगणक. वाहक द्रावाची टाकी रिकामी आहे काय, सांडपाण्याची भरली आहे काय, नळी घट्ट बसली आहे काय, सुईंत गुठळी किंवा बुडबुडा अडकला आहे काय, हें आधीं पाहावें. नंतर लेसर पेटून स्थिर झाला आहे काय तें पाहावें. त्यानंतर पाळी उंबरठ्याची. ठरवून दिलेल्या मर्यादेहून क्षीण असलेला स्पंद यंत्र नोंदवीतच नाहीं. हा उंबरठा फार उंच ठेवला तर खऱ्या पेशीही दाराबाहेर राहतात. फार खालीं आणला तर धूळ व फुटक्या पेशींचे तुकडे यांनाही पेशींचा मान मिळतो.

दोष यंत्राचा कीं रक्ताचा, हें ठरविण्यास एक युक्ति आहे. ठराविक आकाराचे व चमकेचे सूक्ष्म मणी रोज कामापूर्वीं यंत्रांतून सोडतात. ते नेहमींच्या जागीं घट्ट पुंजका करून उमटले, तर यंत्र बहुधा निरोगी. मग रक्ताकडे वळावें. पुंजका पसरला, तर धारेची वाट मळली असेल किंवा लेसरची रेषा चुकली असेल. त्याचप्रमाणें नुसतें स्वच्छ पाणी सोडून पाहावें. तरीही ठिपक्यांचा पाऊस पडला तर ते पेशींचे नव्हेत. नोंदी वेळेच्या क्रमानें मांडल्यास मध्येंच धार अडली होती काय हेंही कळतें. धार अति भरधाव सोडली किंवा रक्त फार दाट असलें, तर दोन पेशी जोडीनें येतात व यंत्र त्यांस एकच समजतें.

परंतु ठिपके नीट दिसत असतांही गणित चुकूं शकतें. एच.आय.व्ही.च्या रुग्णाच्या सी.डी.४ पेशींचें उदाहरण घ्या. निरोगी प्रौढाच्या एका घन मिलिमीटर रक्तांत त्या साधारणतः ५०० ते १,५०० असतात. २०० च्या खालीं गेल्यास रोग प्रगत मानतात. भारतांत २०१७ पासून औषधोपचार संख्येची वाट न पाहतां सुरू होतो. तथापि इतर रोगांविरुद्ध प्रतिबंधक औषधें कोणास द्यावीं, हें ठरवितांना ही संख्या आजही लागते. मोजणीसाठीं ५० घन मिलिमीटर रक्तांत, समजा, ५०,००० मणी मिसळले. १,००० मणी मोजले जाईपर्यंत १८० पेशी दिसल्या, तर संख्या १८० झाली. पण मिश्रण नीट न ढवळल्यानें, किंवा उंबरठा चुकल्यानें, तेवढ्याच पेशींबरोबर ५०० च मणी नोंदले गेले, तर उत्तर ३६० येतें! यंत्र कुरकुरलें नाहीं, कागद स्वच्छ छापला गेला, आणि ज्यास संरक्षणाची निकड होती तो रुग्ण निर्धास्त घरीं परतला.

म्हणून मण्यांचा आंकडा पाहिल्यावांचून पेशींचा आंकडा मान्य करूं नये. आणि प्रयोगशाळेबाहेरही कांहीं पथ्य आहे. या तपासणीचें रक्त बर्फांत ठेवावयाचें नसतें, तसेंच खानदेशी उन्हाळ्यांत गाडीच्या टपावर तापूंही द्यावयाचें नसतें. खोलीच्या साधारण उष्णतामानांत तें सामान्यतः ४८ तासांच्या आंत तपासलें जावें. रक्त घेतल्याची वेळ नळीवर लिहिली आहे ना, हें विचारण्याचा रुग्णाच्या आप्तांस पूर्ण अधिकार आहे. रुग्णाची प्रकृति एक सांगते व कागद दुसरेंच सांगतो असें आढळल्यास, पुन्हां रक्त देण्याचा कंटाळा करूं नये.