अमेरिकन साहित्यातील वास्तववादाचा उदय

१८७४ सालच्या नोव्हेंबर महिन्यात बोस्टनच्या ‘अटलांटिक मंथली’ या प्रतिष्ठित मासिकात मार्क ट्वेनची एक छोटी कथा प्रसिद्ध झाली. नेहमी हसतमुख असणाऱ्या एका वृद्ध कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीला घरचा मालक सहज विचारतो, की इतक्या वर्षांच्या आयुष्यात तुला कधी दुःख कसे ठाऊक झाले नाही? तेव्हा ती पूर्वाश्रमीची गुलाम स्त्री आपली हकीकत आपल्याच बोलीत सांगू लागते. गुलामांच्या लिलावात नवरा आणि मुले एकेक करून विकली गेली, आणि युद्धाच्या धामधुमीत त्यांतील सर्वांत धाकटा मुलगा तिला पुन्हा भेटला. कथा एवढीच. लेखक मध्ये पडत नाही, तात्पर्य सांगत नाही, तिची भाषाही सुधारून घेत नाही.

आज यात विशेष असे काही वाटणार नाही. परंतु त्या काळी ‘अटलांटिक मंथली’ हे न्यू इंग्लंडमधील विद्वानांचे मासिक होते. त्याच्या पानांवर एका निरक्षर स्त्रीने स्वतःच्या शब्दांत बोलावे आणि सुशिक्षित वाचकाने ते साहित्य म्हणून ऐकावे, ही गोष्ट लहान नव्हती. अमेरिकन साहित्यातील वास्तववाद म्हणून जी चळवळ ओळखली जाते, तिचे मर्म या प्रसंगात सापडते. साहित्यात बोलण्याचा अधिकार कोणाला, हा तो प्रश्न होय.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन गद्याची श्रेष्ठ निर्मिती अद्भुतरम्य वळणाची होती. नॅथानिएल हॉथॉर्नने १८५१ मध्ये आपल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्पष्टच म्हटले होते, की आपली कृती कादंबरी नसून ‘रोमान्स’ आहे, आणि म्हणून दैनंदिन संभाव्यतेचे बंधन तिला तितकेसे लागू नाही. मेल्व्हिलच्या देवमाशामागेही प्रतीकांचे अथांग जग पसरलेले आहे. या लेखकांचे सामर्थ्य वादातीत आहे. पण बाजारातला मनुष्य, त्याचा पगार, त्याचे घरभाडे यांना त्यांच्या जगात क्वचितच जागा होती.

ही दृष्टी पालटण्यास अनेक कारणे घडली. १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली, आणि वीरश्रीच्या जुन्या कल्पनांवरचा विश्वास डळमळला. १८६९ मध्ये पूर्व आणि पश्चिम किनारे लोहमार्गाने जोडले गेले. १८६० साली सुमारे ३ कोटी १४ लाख असलेली लोकसंख्या १९०० साली ७ कोटी ६० लाखांवर गेली. कारखाने, परदेशांतून आलेले मजूर, दाटीवाटीच्या चाळी आणि एका पिढीत कोट्यधीश झालेले व्यापारी असे नवे जग डोळ्यांसमोर उभे राहिले. जुन्या शैलीत ते मावण्यासारखे नव्हते.

याला व्यवहाराचीही एक बाजू होती. १८९१ पर्यंत परदेशी लेखकांच्या ग्रंथहक्कांना अमेरिकेत कायद्याचे संरक्षण नव्हते. त्यामुळे इंग्लंडमधील कादंबऱ्या मोबदला न देता छापून स्वस्तात विकता येत; स्वदेशी लेखकाला मात्र पैसे मोजावे लागत. अशा स्थितीत नव्या अमेरिकन लेखकाला आधार उरला तो मुख्यतः मासिकांचा. त्याच ‘अटलांटिक मंथली’त १८६१ च्या एप्रिलमध्ये रिबेका हार्डिंग डेव्हिस या लेखिकेची लोखंडाच्या कारखान्यातील मजुरांवरील दीर्घकथा प्रसिद्ध झाली होती. धूर, चिखल आणि भूक यांचे तिने केलेले चित्रण पुढे येणाऱ्या युगाची नांदीच ठरले.

या चळवळीला तत्त्वज्ञान आणि नेतृत्व मिळाले ते विल्यम डीन हॉवेल्समुळे. १८३७ साली ओहायो राज्यात जन्मलेला हॉवेल्स हा एका मुद्रकाचा मुलगा. शालेय शिक्षण फारसे लाभले नाही. खिळे जुळवीत तो वाचायला आणि लिहायला शिकला. हाच मनुष्य १८७१ ते १८८१ या काळात ‘अटलांटिक मंथली’चा संपादक होता. मार्क ट्वेनसारखा पश्चिमेकडील विनोदकार आणि हेन्री जेम्ससारखा मनाचे सूक्ष्म व्यापार टिपणारा कलावंत, या दोन परस्परभिन्न लेखकांचा तो सारखाच स्नेही आणि पुरस्कर्ता होता. सामान्य माणसाच्या सामान्य अनुभवाचे प्रामाणिक चित्रण हे कादंबरीचे कार्य आहे, असे तो मानी. लोकशाही देशाच्या साहित्यात असामान्य नायकांची मक्तेदारी असू नये, अशी त्यामागील भूमिका होती. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द राइज ऑफ सायलस लॅपहॅम’ या त्याच्या कादंबरीचा नायक रंगाचा कारखानदार आहे. आपली बुडती मालमत्ता तिची खरी किंमत लपवून दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याची संधी तो नाकारतो आणि धुळीस मिळतो. त्याचा खरा उत्कर्ष होतो तो या दिवाळखोरीतच.

त्याच वर्षी मार्क ट्वेनची ‘हकलबेरी फिन’ अमेरिकेत प्रसिद्ध झाली. एका अडाणी पोराच्या बोलीत संपूर्ण कादंबरी सांगण्याचे धाडस तीत होते. काँकर्ड येथील सार्वजनिक ग्रंथालयाने ती असभ्य म्हणून बाहेर काढली. एमर्सन आणि थोरो यांच्या गावात हे घडावे, यावरून नव्या साहित्याला होणाऱ्या विरोधाची कल्पना येते.

परंतु वास्तववादाची खरी कसोटी अजून लागायची होती. १८८६ च्या सप्टेंबरमध्ये दस्तयेव्हस्कीविषयी लिहिताना हॉवेल्सने असे मत मांडले, की रशियन लेखकांच्या वाट्याला येणारा देहदंड अथवा हद्दपारी अमेरिकेत नाही; म्हणून अमेरिकन कादंबरीकाराने जीवनाच्या प्रसन्न बाजूंकडे वळावे हे स्वाभाविक आहे. नियतीने या विधानाला लवकरच उत्तर दिले. त्याच वर्षी ४ मे रोजी शिकागो येथे हेमार्केट चौकातील कामगारांच्या सभेत बाँबस्फोट झाला होता. बाँब कोणी टाकला हे सिद्ध झाले नाही. तरीही प्रामुख्याने भाषणे आणि लेख यांच्या आधारे आठ जणांना दोषी ठरवून सातांना देहदंड सुनावण्यात आला. १८८७ च्या नोव्हेंबरमध्ये हॉवेल्सने ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये पत्र लिहून दयेची जाहीर मागणी केली. नामांकित साहित्यिकांत तो जवळजवळ एकटाच होता. वृत्तपत्रांनी त्याच्यावर टीकेची झोड उठविली. ११ नोव्हेंबर रोजी चौघांना फाशी देण्यात आले; एकाने आदल्या दिवशीच आत्महत्या केली होती, आणि दोघांची शिक्षा सौम्य करण्यात आली होती. जे तिघे तुरुंगात होते त्यांना १८९३ मध्ये राज्याच्या गव्हर्नरने, खटला न्याय्य झाला नव्हता असे सांगून, मुक्त केले.

या घटनेनंतर हॉवेल्सच्या लेखणीतून ती प्रसन्नता ओसरली. १८९० सालच्या ‘अ हॅझर्ड ऑफ न्यू फॉर्च्युन्स’ या कादंबरीत न्यूयॉर्कच्या ट्रॅम कामगारांचा संप आहे, पोलिसांचा मार आहे, आणि शांतता राखू पाहणाऱ्या एका निष्पाप तरुणाचा मृत्यू आहे. दिसेल ते लिहावे, हे तत्त्व हॉवेल्सने इतरांना सांगितले होते. आता ते त्याच्यावरच बंधनकारक झाले.

पुढची पिढी याहून पुढे गेली. स्टीफन क्रेनने १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या गलिच्छ वस्तीतील एका मुलीची शोकांतिका टोपणनावाने आणि स्वखर्चाने छापली. हॉवेल्सने तिची मुक्तकंठाने स्तुती केली. केट शोपिनच्या १८९९ सालच्या ‘द अवेकनिंग’मधील विवाहित स्त्रीचे मन समीक्षकांना सोसवले नाही. १९०० मध्ये थिओडोर ड्रायझरची ‘सिस्टर कॅरी’ प्रसिद्ध झाली खरी; पण करार मोडता येईना म्हणूनच प्रकाशकाने ती छापली, आणि तिच्या पाचशेहूनही कमी प्रती खपल्या. नीतिभ्रष्ट नायिकेला लेखकाने शिक्षा दिली नाही, हा तिचा अपराध होता.

हॉवेल्सच्या दृष्टीलाही मर्यादा होतीच, आणि ती चार्ल्स चेस्नट या कृष्णवर्णीय लेखकाच्या बाबतीत उघड झाली. १९०० मध्ये हॉवेल्सने त्याच्या कथांचा गौरव केला होता. पुढच्याच वर्षी चेस्नटची ‘द मॅरो ऑफ ट्रॅडिशन’ ही कादंबरी आली. १८९८ साली विल्मिंग्टन शहरात गोऱ्यांच्या जमावाने कृष्णवर्णीयांची हत्या करून निवडलेली नगरसत्ता उलथून टाकली, ते भीषण सत्य तिच्या मुळाशी होते. तेव्हा मात्र पुस्तक फार कडवट आहे, असा अभिप्राय हॉवेल्सने दिला. १९०५ नंतर चेस्नटची एकही नवी कादंबरी त्याच्या हयातीत निघाली नाही. लघुलेखनाचा व्यवसाय करूनच त्याला चरितार्थ चालवावा लागला. तथापि हॉवेल्स तेथेच थांबला नाही, हेही नमूद केले पाहिजे. १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी संघटना स्थापण्याचे जे आवाहन निघाले, त्यावर त्याची स्वाक्षरी आहे.

१९३० साली सिंक्लेअर ल्यूइस हा साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळविणारा पहिला अमेरिकन ठरला. आपल्या भाषणात त्याने ड्रायझरचा गौरव केला आणि दहा वर्षांपूर्वी निवर्तलेल्या हॉवेल्सच्या सोवळेपणाची टर उडविली. त्यात तथ्य होते, पण कृतज्ञता नव्हती. स्वयंपाकिणीच्या कहाणीला मासिकाचे दार ज्याने उघडून दिले, त्याच दारातून ही सारी मंडळी आत आली होती. वास्तववाद हे एकदाच शोधून काढावे असे सत्य नव्हे. प्रत्येक पिढी आपल्यापुरते दार उघडते, आणि बाहेर कोण उभे राहिले आहे हे पुढच्या पिढीला दिसते. अमेरिकन कादंबरीचा हा इतिहास त्या दाराच्या हळूहळू रुंदावत जाण्याचा इतिहास आहे.