पोटगी : उपकार की हिशेब?

मागच्या व्याख्यानानंतर माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला थांबली. एकोणीस वर्षांचा संसार, आता परस्पर संमतीनं घटस्फोट. म्हणाली, "सर, वकील म्हणतात पोटगी मागा. मला त्याचा एक पैसा नको. नातंच राहिलं नाही, तर मागायचं कुठल्या तोंडानं?" प्रश्न वरवर कायद्याचा, पण मुळात नीतिशास्त्राचा आहे. म्हणून आज तोच घेऊ.

तिच्या बोलण्यात एक गृहीतक आहे : पैसे त्याचे, आणि ती मागणारी. हे तपासून बघू या. मुलगी झाल्यावर तिनं नोकरी सोडली. घर, मुलगी, सासूबाईंचं आजारपण सगळं तिनं पाहिलं, म्हणून त्याला बदलीच्या गावी जाऊन बढती घेता आली. म्हणजे त्याच्या आजच्या पगारात तिचेही कष्ट आहेत. घटस्फोटानं पुढचं सहजीवन थांबतं. मागची एकोणीस वर्षं पुसली जात नाहीत.

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात ही गोष्ट सरळ मान्य केलेली आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता साधारणपणे सामायिक धरतात आणि निम्मा वाटा प्रत्येकाचा. आपल्याकडे महाराष्ट्रात तसं नाही. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर असेल, तर नुसत्या घर सांभाळण्यातून तिची मालकी तयार होत नाही. म्हणून आपल्याकडे हा हिशेब पोटगीच्या वाटेनं करावा लागतो.

वाटा मुख्यतः दोन. हिंदू विवाह कायद्याच्या २५ व्या कलमात कायमस्वरूपी पोटगी आहे. ती दरमहा मिळते किंवा एकरकमी, आणि पतीही ती मागू शकतो. दुसरी वाट म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं १२५ वं कलम, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ वं झालं. ते कुठल्याही धर्माच्या स्त्रीला लागू आहे. पुनर्विवाह न केलेली घटस्फोटिताही त्यात 'पत्नी' धरली जाते. मात्र स्वतःचा निर्वाह करता येत नाही, हे दाखवावं लागतं.

रक्कम कशी ठरते? रजनेश विरुद्ध नेहा हा खटला नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेला. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दोघांनी उत्पन्न, मालमत्ता, देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. बाई कमावते एवढ्यावरून तिचा हक्क जात नाही. संसारासाठी नोकरी सोडली असेल, तर तेही मोजायचं. त्याचबरोबर पतीची ऐपत आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसंही बघायची. पोटगी ही शिक्षा नव्हे, हे दुसऱ्या बाजूनंही लक्षात ठेवलं पाहिजे.

आता तिला मी काय सांगितलं ते थोडक्यात सांगतो. एक, स्त्रीधन तुझंच आहे. दागिन्यांची यादी कर. दोन, तू स्वतःची पोटगी सोडलीस तरी मुलीचा हक्क तुला सोडता येत नाही, तो तिचा आहे. तीन, संमतीच्या अटी नीट लिहून घे; दुसऱ्या अर्जाची सुनावणी होईपर्यंत विचार बदलता येतो. चार, १४४ व्या कलमाखालची पोटगी थकली, तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज कर. आणि वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळतं.

एवढं ऐकूनही ती "नको" म्हणू शकते. तो तिचा अधिकार आहे. पण आपलं आहे हे ओळखून सोडणं वेगळं, आणि आपलं नव्हतंच असं समजून सोडणं वेगळं. ती घरी जाऊन विचार करते म्हणाली. तुम्हीही करा. आता प्रश्न असतील तर विचारा.