गुण घरच्याच बियाण्याचा

घेवड्याच्या पानावर आधी पाणी भरल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. काही दिवसांत ते वाळून तपकिरी होतात, भोवती लिंबासारखी पिवळी कड उमटते आणि पान होरपळल्यासारखं दिसू लागतं. हा जिवाणूजन्य करपा. अमेरिकेतल्या अर्विन स्मिथ यांनी त्याच्या जिवाणूचं वर्णन केलं ते १८९७ मध्ये. जिवाणू बियाण्यातूनच शेतात येतो, पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पानोपानी पसरतो आणि रोग बळावला की फवारणीने फारसं काही हाती लागत नाही. त्यामुळे सगळी भिस्त राहिली ती करप्याला दाद न देणाऱ्या वाणावर.

असा वाण ओळखण्याची रीत तशी साधी आहे. पाण्यात जिवाणू कालवायचे, त्यात ब्लेड बुडवायचं आणि कोवळ्या त्रिदल पानाला चिरा द्यायच्या. दोनेक आठवड्यांनी पान निरखून १ ते ९ मध्ये नोंद करायची. १ म्हणजे निरोगी पान, ९ म्हणजे गेलेलं. शेंगांची परीक्षा मात्र वेगळी घ्यावी लागते, कारण पानं तगली तरी त्याच झाडाच्या शेंगा डागाळू शकतात. नुसती पानं पाहून केलेली पारख मला म्हणूनच अर्धी वाटते. पुढच्या हंगामाचं बी शेंगेत असतं.

या शोधातलं सगळ्यात लक्षात राहणारं प्रकरण नेब्रास्कातलं. तिथे होन्मा यांनी घेवड्याचा संकर टेपरीशी केला आणि १९५६ मध्ये तो प्रसिद्ध केला. टेपरी म्हणजे सोनोरा वाळवंटातल्या तोहोनो ओओधम शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं, उन्हाला आणि दुष्काळाला पुरून उरणारं कडधान्य. दोन जातींचा हा संकर सहजी जगत नाही. शेंगेतला अपक्व गर्भ काढून तो बाहेर वाढवावा लागतो. त्या संकराच्या पिढ्यांतून ‘नेब्रास्का नं. १, निवड २७’ हा वाण हाती आला. कॉइन आणि शूस्टर यांनी पुढे त्याचा आधार घेऊन १९७० मध्ये ‘ज्यूल्स’ हा वाण दिला. करप्याला तोंड देण्याचा गुण टेपरीतूनच आला, हे सगळे धरून चालले.

२००३ मध्ये फिलिप मिक्लास आणि सहकाऱ्यांनी जनुकीय खुणांच्या मदतीने त्या गुणाचा माग काढला आणि तो भलतीकडेच निघाला. निवड २७ मधला मुख्य गुण टेपरीचा नव्हताच. तो ‘माँटाना नं. ५’ या ‘ग्रेट नॉर्दर्न’ गटातल्या जुन्या घेवड्यातून आलेला होता. आणि ग्रेट नॉर्दर्न मुळात मिसूरी नदीकाठच्या हिदात्सा लोकांचं बियाणं. काखेत कळसा म्हणतात तो असा, आणि तो सापडायला सत्तेचाळीस वर्षं लागली. छाननीत झाड किती सोसतं ते दिसतं. ते बळ त्याला कुणाकडून आलं, हे पानावर लिहिलेलं नसतं.

म्हणून टेपरीचं मोल कमी होत नाही. कोलंबियातल्या ‘सिआट’ संस्थेची ‘झॅन १५९’ ही ओळ खरोखरच टेपरीची देणगी. कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठाने दिलेला ‘ओएसी रेक्स’ हा पांढरा घेवडाही तसाच. १९९९ मध्ये श्री सिंग आणि मुन्योस यांनी वेगवेगळ्या ठिकाणचे गुण एकवटून ‘व्हॅक्स’ ओळी उभ्या केल्या. माझ्या मते या साऱ्या प्रवासातलं सर्वांत पक्कं काम तेच, कारण एकाच जनुकावर विसंबलेला वाण फार काळ निभावेल याची खात्री नसते.

हे सगळं वाचताना मला कोरेगावचा वाघ्या घेवडा आठवत राहतो. साताऱ्याच्या या लाल रेघांच्या दाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्यात काय दडलंय हे बी जिवंत असेल तरच तपासता येईल. तुमच्या घरी गावरान घेवड्याचं बी असेल, तर यंदा निदान एक वाफा त्याच्यासाठी ठेवा आणि त्यातल्या निरोगी झाडांच्या शेंगा बियाण्यासाठी राखा.