ताटाशेजारचा फोन

जेवताना समोरचा काही सांगतोय आणि आपण ‘हं, हं’ करत स्क्रीन सरकवतोय, या वागण्याला ‘फबिंग’ असं नाव आहे. ‘फोन’ आणि ‘स्नब’ (म्हणजे तुच्छ लेखणं) यांची ही जोडगोळी. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात एका शब्दकोशाच्या प्रचारासाठी मुद्दाम घडवलेला शब्द.

अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाचे जेम्स रॉबर्ट्स आणि मेरेडिथ डेव्हिड यांनी जोडीदाराचं फबिंग मोजायला नऊ विधानांची प्रश्नावली केली. विधानं अगदी घरगुती आहेत: बोलता बोलता तो फोनकडे बघतो, गप्पांत जरा खंड पडला की फोन उचलतो, फोन डोळ्यांसमोर राहील असा ठेवतो. १४५ जणांच्या पाहणीत ४६.३ टक्के लोक म्हणाले, जोडीदार असं करतो. २२.६ टक्क्यांकडे त्यावरून खटकेही उडत होते.

पण फोनमुळे नातं विटलं, की विटलेल्या नात्यातून माणूस फोनकडे वळला? एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून हे ठरत नाही. मला दोन्ही शक्य वाटतं. शिवाय नवरा दुबईत आणि बायको सांगलीत असेल, तर पाण्याच्या तांब्याला टेकवलेला मोबाइल आणि त्यातून दाखवलेली ताटातली भाजी, हाच त्यांचा रात्रीचा सहवास.